बूच घट्ट

शस्त्रक्रियागृहात एकतीस वर्षे काढलेल्या बाईला माणसाच्या पोटात काय काय विसरले जाऊ शकते याची यादी पाठ असते, आणि ती यादी ती जेवणाच्या टेबलावर कधीही म्हणून दाखवत नाही. सिस्टरच्या हातून त्या यादीतली एकही वस्तू आजवर विसरली गेली नव्हती. तिचे शास्त्र साधे होते. पोट उघडण्याआधी मोजायचे, शिवण्याआधी मोजायचे, शिवून झाल्यावर पुन्हा मोजायचे. आणि दर वेळी एकाने मोठ्याने विचारायचे, दुसऱ्याने मोठ्याने सांगायचे. “मॉप?” “वीस.” “सुया?” “सहा.” “मोजणी?” “पूर्ण.” मॉप म्हणजे रक्त टिपायची जाड कापडी घडी. रुग्णालयात तिला पाठीमागे मोजणीबाई म्हणत. तिला ते ठाऊक होते, आणि त्या नावात टोमण्यापेक्षा प्रमाणपत्राचा अंश अधिक आहे असे ठरवून तिने ते मुकाट्याने स्वीकारले होते.

हे शास्त्र तिने घरातही आणले होते. आठ वर्षांची नात सकाळी शाळेला निघाली की दारात उभी राहून आजीची परीक्षा देई.

“डबा?”

“घेतला.”

“दप्तर?”

“घेतलं.”

“पाण्याची बाटली?”

नातीला या खेळाची इतकी सवय झाली होती की आजीचा ‘पा’ उच्चारून होतो न होतो तोच तिचे ‘घेतली’ येऊन पडे. आणि आठवड्यातून एकदा तरी बाटली ओट्यावरच राही.

“अगं, आधी बघावं, मग बोलावं,” आजी म्हणे.

“पण आजी, तू काय विचारणार ते मला माहीतच असतं ना.”

यावर घरातले सगळे हसत.

तेव्हा मोठ्या रस्त्यावरच्या ‘दहा मिनिटांत ऑइल चेंज’ अशी पाटी लावलेल्या दुकानावर या बाईचा विश्वास बसला, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. दुकानात गाड्यांच्या दोन रांगा होत्या आणि प्रत्येक रांगेखाली माणूस ताठ उभा राहू शकेल एवढा सिमेंटचा खड्डा. गाडी खड्ड्यावर आणून उभी करायची आणि आतच बसून राहायचे. वर एक माणूस बॉनेट उघडतो, खाली दुसरा इंजिनाखालचे पत्र्याचे झाकण उतरवून त्याच्या पोटाशी हात घालतो. दोघे एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून ओरडून बोलतात.

“झाकण?” वरच्याने विचारले.

“उतरवलं,” जमिनीतून आवाज आला.

“बूच?”

“काढलं.”

“तेल?”

“गळतंय.”

सिस्टर स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत राहिली. परमुलखात अचानक आपली बोली कानी पडावी तसे तिला झाले. शस्त्रक्रियागृहाबाहेरचे सगळे जग अंदाजपंचे चालते असे तिचे जुने मत होते. त्या मताला अपवाद म्हणून तिने हे दुकान मनातल्या मनात नोंदवले. मध्येच खालून यादीबाहेरचे एक वाक्य आले.

“फडकं दे रे.”

“आत्ताच तर दिलं.”

“मग गेलं कुठं?”

“मला काय विचारतोस? तुझ्या खड्ड्यात मी येतो का राहायला?” वरचा हसला आणि खांद्यावरचे दुसरे फडके त्याने खाली सोडले. गाडीत बसलेली सिस्टरही हसली.

“फिल्टर?”

“बदलला.”

“बूच?”

“घट्ट.”

“झाकण?”

“बसवलं.”

नऊ मिनिटे झाली होती. वरच्याने काचेच्या कोपऱ्यात पुढच्या खेपेचा आकडा लिहिलेले स्टिकर चिकटवले आणि अदबीने हात हलवला.

एकतीस वर्षे फडकी मोजण्यात गेलेल्या माणसाने त्या क्षणी एक प्रश्न विचारायला हवा होता. तिने तो विचारला नाही. प्रश्न विचारण्याची पद्धत तिच्या डोळ्यांदेखत चालू होती, आणि पद्धत चालू असली की माणूस निश्चिंत होतो. पद्धतीचा शोध मुळात त्यासाठीच लागलेला असतो.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, तिने बॉनेट उघडून तेल बघायची पट्टी बाहेर ओढली, गॉजच्या तुकड्याने पुसली, परत आत घालून पुन्हा ओढली. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्यांच्या दरम्यान असावे लागते. तेल खालच्या खुणेला टेकले होते. तिने डब्यातले तेल ओतून ते वरच्या खुणेपर्यंत आणले. पुढच्या रविवारी ते पेरभर उतरले होते, त्याच्या पुढच्या रविवारी आणखी पेरभर. तिने गाडीखाली जुनी वर्तमानपत्रे अंथरून ठेवली; सकाळी त्यांवर छापलेल्या शाईखेरीज कसलाही डाग नव्हता. इंजिन चालू करून ती मागे जाऊन उभी राहिली. धूर निळा नव्हता, काळा नव्हता, जवळजवळ नव्हताच. तेल गेले होते, पण कुठेही गेले नव्हते.

ती दुकानात गेली. वरचा त्या वेळी काउंटरवर बसला होता.

“ताई, गाडी किती चाललीय?”

“पंच्याण्णव हजार.”

“मग? या वयात इंजिन तेल खातंच.” तो अशा आवाजात बोलला की जणू घरातल्या म्हाताऱ्याच्या खोकल्याविषयी सांत्वन करतो आहे.

घरी येऊन तिने हे नवऱ्याला सांगितले. नवरा निवृत्त मुद्रितशोधक होता. चाळीस वर्षे कायद्याच्या पुस्तकांतली मुद्रिते तपासल्यामुळे त्याला कोणतेही वाक्य सरळपणे ऐकताच येत नसे.

“भाषा बघ कशी लबाड असते,” तो म्हणाला. “गाडी पेट्रोल पिते आणि तेल खाते. पिणारा सगळ्यांसमोर पितो. खाणारा गुपचूप खातो. एकदा ‘खाते’ म्हटलं की गुन्हेगार सापडला, इंजिन. मग बूच कुणी लावलं, कसं लावलं, हे विचारायचं कारणच उरत नाही.”

“मग तुमचं म्हणणं काय?”

“माझं काही म्हणणं नाही. मी फक्त क्रियापद वाचलं.”

“तुमच्या क्रियापदावर गाडी घाट चढणार नाही,” ती म्हणाली.

खरा प्रश्न घाटाचा होता. मुलगा वर्षातले नऊ महिने बोटीवर असे. सुनेची बदली घाटापलीकडच्या शाळेत झाली होती आणि येत्या सोमवारी नातीला बरोबर घेऊन तिला तिथे रुजू व्हायचे होते. आजवर ही गाडी गावातल्या सपाट रस्त्यांवरून रुग्णालय, बाजार, शाळा एवढीच फिरली होती. सोमवारी ती पहिल्यांदाच बावीस किलोमीटर सलग चढणार होती. एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असा तो रस्ता. आणि गाडीत बसणार होती तिची सून आणि नात.

शनिवारी दुपारी ती पुन्हा दुकानात गेली.

“खालून सगळं बघून द्या,” तिने वरच्याला सांगितले. “बूच, फिल्टर, सगळं. झाकण काढून बघा. सोमवारी माझी सून आणि नात या गाडीने घाट चढणार आहेत.”

“निर्धास्त राहा, ताई. आत बसा. आता गिऱ्हाइकाने आतच बसायचं, नवीन नियम आहे.”

आत म्हणजे काचेची खोली, तीन खुर्च्या आणि गाड्यांची छायाचित्रे असलेले एक जीर्ण मासिक. मासिक उघडल्यावर तिच्या लक्षात आले की चष्मा गाडीतच राहिला आहे. ती दार ढकलून बाहेर आली आणि गिऱ्हाइकाने ओलांडू नये म्हणून जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्याशी थबकली.

दोन्ही खड्ड्यांवर गाड्या उभ्या होत्या. पलीकडच्या खड्ड्यात दिवा होता. त्या उजेडात दोन काळे हात एका परक्या गाडीच्या पोटाशी झटत होते. तिच्या गाडीखालचा खड्डा अंधारा होता. वरचा तिच्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोके घालून तेल ओतत होता.

“बूच?” त्याने विचारले.

“घट्ट,” उजेड असलेल्या खड्ड्यातून उत्तर आले.

“फिल्टर?”

“ओके.”

“झाक—”

“बसवलं.”

त्या आवाजात खोटेपणा नव्हता. खोटे बोलायला जरा तरी लक्ष लागते. हा आवाज लक्षाच्याही अलीकडचा होता. एका तालाला दुसरा ताल पडावा तसा.

तिला फक्त एक वाक्य बोलायचे होते. ‘अहो, तुमचा माणूस माझ्या गाडीखाली नाही.’ वाक्य तयार होते, त्यात एकही अवघड शब्द नव्हता. ते तिने उच्चारले नाही, कारण तिला त्या उत्तराची ओळख पटली होती. गेल्या काही वर्षांत, लागोपाठ सहा-सहा शस्त्रक्रिया असलेल्या दिवशी, शस्त्रक्रिया करणाऱ्या सरांनी “मोजणी?” विचारले की तिचे बोट सतराव्या मॉपवर असतानाच “पूर्ण” हा शब्द तोंडातून निघून जाई. मग बोट अठरा, एकोणीस, वीस असे पुढे जाई आणि आकडा दर वेळी वीसच भरे. शब्द आधी, सत्य मागाहून, आणि दोघांची गाठ पडेपर्यंतचे ते चार सेकंद जगात कुणालाच माहीत नव्हते. पिवळ्या पट्ट्याशी उभे राहून त्या खड्ड्यातल्या आवाजाला जाब विचारणे म्हणजे कोणाला जाब विचारणे होते, हे तिला नेमके कळले. म्हणून स्वतःसाठी राखून ठेवलेली सबब तिने उदारपणे त्याला उसनी दिली: हात मुरलेला माणूस आहे, त्याने आधीच बघून ठेवले असेल.

ती चष्मा न घेताच परत आत जाऊन बसली.

काचेवर आता दुसरे स्टिकर होते. त्यावर एकच शब्द छापला होता: ‘तपासले’. घरी नवऱ्याने वाकून तो वाचला.

“कर्ता नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“तपासले. कोणी? वाक्यात माणूसच नाही.”

“तुम्हाला सगळीकडे छपाईच्या चुका दिसतात.”

“ही चूक नाही. ही कारागिरी आहे.” त्याने चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे पाहिले. “तू होतीस ना तिथं? बघितलंस ना?”

“होते,” ती म्हणाली. दोन प्रश्नांतल्या एकाचे ते खरे उत्तर होते.

रविवारी बाजारातून परतल्यावर तिने बॉनेट उघडले. तेल वरच्या खुणेच्या जरासे खाली होते. तिने ते चालवून घेतले. गरम इंजिनावरून एक वास वर आला, इस्त्रीखाली कापड क्षणभर जास्त राहावे तसा. शेजारच्या खिडकीत कोणीतरी कपड्यांना इस्त्री करत होते. तिने वास त्या खिडकीच्या नावावर टाकला आणि बॉनेट लावले.

सोमवारी सकाळी सून स्टिअरिंगवर बसली. नात मागच्या खिडकीतून बाहेर वाकली.

“आई, किती काळजी करता,” सून म्हणाली. “दिवा लागलाच तर थांबेन ना मी.”

तेलाचा दिवा लाल असतो आणि त्याचा आकार चहाच्या किटलीसारखा असतो. नातीने त्याचे नाव किटली ठेवले होते.

“किटली लागली की आईला काय करायचं?” आजीने विचारले.

“सांगायचं.”

“डबा?”

“घेतला.”

“स्वेटर?”

“घेतला.”

“बाट—”

“घेतली,” नात म्हणाली, आणि गाडी फाटकाबाहेर पडली. बाटली पायरीवर उभी होती. सिस्टरने ती उचलली, आत नेऊन ओट्यावर ठेवली आणि रुग्णालयाची बस पकडली.

त्या सकाळची पहिली शस्त्रक्रिया पोटाची होती. रुग्ण पन्नाशीचा सुतार. सर नेहमीप्रमाणे न बोलता काम करत होते. सिस्टर त्यांच्या समोर निर्जंतुक हातमोजे घालून उभी होती आणि तिची मदतनीस, धाकटी सिस्टर, फळ्यावर आकडे लिहीत होती. तासाभराने भूल देणाऱ्या बाईंनी पडद्याच्या वरून डोके काढले.

“प्रेशर उतरतंय, सर. रक्त कुठं जातंय?”

“कुठं जाणार? बाटली बघा.”

सगळ्यांनी बाटली बघितली. शोषून घेतलेल्या रक्ताची बाटली पावही भरली नव्हती. फरशी कोरडी होती, चादर कोरडी होती.

“इथं तर काही नाही,” सर म्हणाले. “तुमचं यंत्र बघा जरा. शिवायला घेतो. सिस्टर, मोजणी?”

“पूर्ण,” सिस्टर म्हणाली.

तिने तो शब्द ऐकला. आपल्या तोंडून आलेला नव्हे. पलीकडच्या खड्ड्यातून आल्यासारखा. तिचे बोट चौदाव्या मॉपवर होते.

“थांबा, सर,” ती म्हणाली. “मी मोजलेलं नाही.”

सरांचा हात हवेत राहिला. तिने मोजले: पंधरा, सोळा, सतरा, अठरा, एकोणीस. पुढे काही नव्हते.

“एक आत आहे,” ती म्हणाली.

सरांनी पुन्हा हात आत घातला. यकृताच्या कडेखाली, आतड्याच्या वळणामागे, तो सापडला. बाहेर आला तेव्हा मॉप राहिला नव्हता; लाल, जड, ठिबकणारे काहीतरी होते. ताटलीत पडताना त्याचा ओला धप्प आवाज झाला. त्याच्यामागची छोटी धमनी सरांनी चिमट्यात धरली.

“हे बघा तुमचं रक्त,” भूलवाल्या बाई म्हणाल्या. “सगळं यानेच प्यायलं. फरशीवर येणार कुठून?”

सिस्टर ताटलीकडे बघत होती. कोरडी फरशी, कोरी वर्तमानपत्रे. फडकं दे रे. आत्ताच तर दिलं. मग गेलं कुठं? ते कुठेच गेले नव्हते. ते इंजिनाखालच्या झाकणावर दीड महिना पडून होते आणि सैल बुचातून येणारा थेंब न् थेंब पीत होते. झाकणाच्या वर वीतभर अंतरावर धुराची नळी असते. गावातल्या फेऱ्यांत ती बेताचीच तापते. बावीस किलोमीटरच्या चढावर ती लाल होते. आणि इस्त्री शेजारच्या खिडकीत नव्हती.

“माझा फोन,” ती धाकट्या सिस्टरला म्हणाली. “लॉकरमध्ये आहे. सुनेला लाव. स्पीकरवर धर.”

“सिस्टर, हे शस्त्रक्रियागृह आहे,” सर म्हणाले.

“हो सर. तुम्ही शिवा. मोजणी आता वीस आहे.”

फोन वाजत राहिला. दोनदा तुटला. घाटात मधूनमधूनच रेंज मिळते. तिसऱ्यांदा कोणीतरी उचलला, आणि इंजिनाचा चढाचा घुमणारा आवाज त्या थंड खोलीत भरून आला.

“आजी,” नात म्हणाली. “आई गाडी चालवतेय. खूप वळणं आहेत.”

“किटली लागलीय?”

“नाही लागली. पण वास येतोय. आई म्हणते पुढच्या ट्रकचा आहे.”

“फोन आईला दे.”

“आई म्हणते, वळण आहे, थांब.”

एकतीस वर्षांत सिस्टरने या खोलीत एकदाही आवाज चढवला नव्हता. जितकी वेळ वाईट तितका आवाज सपाट, हे तिनेच तीन पिढ्यांच्या मुलींना शिकवले होते. ती आताही तशीच बोलली. सावकाश, एकेक शब्द सुटा, मोजणीच्या सुरात. दुसरा सूर तिच्यापाशी नव्हता.

“मग नीट ऐक, आणि आईला मोठ्याने सांग. गाडी बाजूला घ्यायला सांग.”

“सांगितलं.”

मध्ये सांगण्याइतका वेळ गेलाच नव्हता. नातीच्या आवाजात हसू होते, दारातल्या सकाळचे.

“बाळा, हा खेळ नाही. दोघी खाली उतरा.”

“उतरलो.”

“गाडीपासून लां—”

“गेलो,” नात म्हणाली, आणि त्या शब्दामागे, अगदी स्पष्ट, इंजिनाने गिअर बदलला.